मनीमावशींचं सोवळं

मनीमावशींच्या घराची बेल वाजवली की दार उघडत नाही, आतून प्रश्न येतो, "कुठून आलास?" ऑफिसातून आलो, असं उत्तर देणारा माणूस नवखा समजावा. वाटेत कुठल्या मांजराला हात लावला होतास का, असा त्या प्रश्नाचा अर्थ असतो. मग दार चार बोटं उघडतं, फटीतून एक डोळा आपल्या पायांकडे बघतो आणि हुकूम सुटतो, "चपला बाहेर. आणि त्या निळ्या स्लिपर घालू नकोस, त्या आजाऱ्यांच्या आहेत. हात धू. कोपरापर्यंत."

डोंबिवली पूर्वेला आमची चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर मी आणि मावशी. त्यांचं खरं नाव मेन्टेनन्सच्या पावतीवर आहे, ते तिथेच राहू दे. मांजर ही वाघाची मावशी आणि ह्या मांजरांच्या मावशी, म्हणजे नात्याने ह्या वाघाच्या कोणीतरी मावसआजी लागतात. रस्त्यावर सापडलेली, आई हरवलेली, कुणीतरी पिशवीत घालून सोडलेली मांजराची पिल्लं आणायची, मोठी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची, हा त्यांचा उद्योग. अशी एक मावशी हल्ली प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांमागे असतेच. कधी ती कॉलेजात जाणारी पोर असते, कधी आयटीतला दाढीवाला मुलगा. ओळखायची खूण एकच. त्यांच्या फ्रिजच्या दारात लिंबू आणि कोथिंबिरीच्या शेजारी इंजेक्शनच्या बाटल्या असतात, आणि पाहुणा फ्रिज उघडायला लागला की घरातलं कोणीतरी "थांबा थांबा, मी देतो" म्हणत धावतं.

मावशींचा आवडता शब्द "तात्पुरतं". पिल्लू तात्पुरतं आलंय. बाथरूम तात्पुरतं बंद आहे. काका हॉलमध्ये तात्पुरते झोपतात (सहा वर्षं झाली). घरात सहा मोठी मांजरं आहेत आणि त्यातलं एकही त्यांचं नाही, सगळी तात्पुरती आहेत, स्थळ बघणं चालू आहे. स्थळंही त्या अशी बघतात की आमच्या आईने मुली दाखवताना केलेल्या चौकश्या त्यापुढे काहीच नाहीत. गॅलरीला जाळी आहे का, घर भाड्याचं की स्वतःचं, लग्न झाल्यावर सासूला मांजर चालेल का. एका मुलाने "जाळी लावू नंतर" म्हटल्यावर त्याला पोह्यांची बशी संपवायच्या आत उठवलं होतं.

पण हा लेख स्थळांवर नाही, सोवळ्यावर आहे.

मावशींच्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. धुतलेलं लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत घालायचं, काठीनेच उतरवायचं, स्वयंपाक होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. पोर चुकून शिवलं तर पुन्हा आंघोळ. मावशी नोकरी करणाऱ्या, चार पुस्तकं वाचलेल्या. त्या सोवळ्यात माणसामाणसांत जो दुजाभाव होता त्याची त्यांना चीड होती. "तीस वर्षं मी त्या काठीशी भांडले," असं त्या सांगतात. आणि सांगताना हातात तीच काठी असते. वेताची, टोकाला दोन बेचकं असलेली. आजारी पिल्लाखालची फडकी हात न लावता उचलून बादलीत टाकायला तिच्यासारखं दुसरं काही नाही म्हणतात.

मावशींच्या घरातलं कॉमन बाथरूम म्हणजे सोवळ्याची खोली. डोंबिवलीत ज्याच्याकडे दोन बाथरूम तो श्रीमंत. काका रिटायर झाले तेव्हा श्रीमंत होते, आता त्यांच्या घरातली मांजरं श्रीमंत आहेत. नवं पिल्लू आलं की ते थेट तिथे जातं आणि चौदा दिवस बाहेर येत नाही. दाराच्या आत खुंटीला एक जुना गाऊन, तो बाहेर यायचा नाही. आत निळ्या स्लिपर. आत वेगळी वाटी, वेगळा चमचा, सुपलीभर वाळूचं वेगळं घमेलं. मावशींची सकाळची फेरीही ठरलेली. आधी धडधाकट, मग नवे, शेवटी आजारी. ह्या क्रमात बदल नाही. एकदा काकांनी आजाऱ्याला औषध पाजून त्याच हाताने हॉलमधल्या मांजराच्या मानेखाली खाजवलं. मावशींनी त्यांना गरम पाण्याने आंघोळीला पाठवलं आणि लेंगा-बंडी काठीने उचलून बादलीत घातली. "सासूबाई असत्या तर मला शाबासकी दिली असती," असं म्हणून स्वतःच हसल्या.

चौदा दिवस नाव ठेवायचं नाही, हा ह्या सोवळ्याचा मुख्य नियम. माणसाचं बारसं बाराव्या दिवशी, मांजराचं पंधराव्या. तोवर पिल्लं जिथे सापडली त्या जागेच्या नावाने ओळखली जातात. त्यामुळे मावशींच्या घरी कानावर पडणारी वाक्यं अशी असतात, "गॅरेजने आज शी केली नाही." "पाण्याच्या टाकीला ताप आहे." "रिक्षा रात्रभर रडली." पाहुण्याला वाटतं, ह्या घरातलं कोणीतरी महापालिकेत आहे.

चौदा दिवस का, तर त्याचं कारण एक आजार. त्याचं नाव पॅनल्यूकोपेनिया. हे नाव मावशींनी माझ्यासमोर एकदाच उच्चारलं, तेही डॉक्टरांशी फोनवर बोलताना. एरवी गावाकडे रात्री सापाला जसं लांबडं म्हणतात, तसं त्या ह्याला नुसतं "तो" म्हणतात. "तो आला असेल का?" "त्याची लक्षणं नाहीत." कुत्र्यांच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्होचा हा जवळचा नातलग. इतका जवळचा, की कुत्र्यांची शी तपासायचा किट मांजरांच्या 'त्या'लाही ओळखतो. हा आतड्यांवर बसतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवस लागतात, आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून चौदा दिवस. लस न मिळालेल्या पिल्लांमधली निम्मी तरी ह्यात जातात, बहुतेकदा निम्म्याहून जास्त. आणि हा कुठे लपतो तर चपलेच्या तळव्यात, गाऊनच्या काठाला, फरशीच्या फटीत. तिथे तो वर्षभर जिवंत राहू शकतो, भाडं न देता.

"आणि चिवट किती!" हे सांगताना मावशींच्या आवाजात शत्रूबद्दलचा आदर येतो. "तो कोरोना, त्याला चरबीचा अंगरखा होता. साबण लावला, सॅनिटायझर लावलं, अंगरखा फाटला, मेला. ह्याला अंगरखाच नाही. नागड्याचं काय फाडणार?" म्हणून सॅनिटायझरची बाटली घेऊन येणाऱ्या पाहुण्यांकडे त्या, तांब्याभर पाणी घेऊन वणवा विझवायला निघालेल्या माणसाकडे बघावं तशा बघतात. ह्याला लागतं ब्लीच. बत्तीस भाग पाण्यात एक भाग. रोज ताजं, कालचं चालत नाही. आधी साबणाने घाण काढायची, कारण घाणीवर ब्लीच आपली ताकद वाया घालवतं. मग ब्लीच ओतायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. दहा म्हणजे दहा. ह्यासाठी भिंतीवर एक वेगळं घड्याळ आहे. आणि फिनेल घरात औषधालासुद्धा नाही, कारण त्यातलं रसायन मांजराच्या यकृताला पचत नाही. नवी कामवाली बाई आली की पहिल्या दिवशी तिच्याकडून हे सगळं पाढ्यासारखं म्हणून घेतलं जातं. दोघी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

मार्च २०२०मध्ये सगळा देश घरात बसला तेव्हा आमच्या बिल्डिंगीत तयार असलेलं एकच घर होतं. हातमोज्यांचं खोकं, ब्लीचचा कॅन, दाराबाहेर चपला, येणाऱ्याचा अंतरावरून इंटरव्ह्यू. आम्ही भाजी धुवायची की पुसायची ह्यावर भांडत होतो आणि मावशी दारात उभ्या राहून, "चौदा दिवस ना? त्यात काय एवढं?" म्हणत होत्या. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांना वेड्यात काढलं ते सगळे फोन करून प्रमाण विचारायला लागले. महापालिकेची माणसं रस्त्यावर सोडियम हायपोक्लोराइट मारून गेली त्या दिवशी त्या गॅलरीत उभ्या राहिल्या आणि खिन्नपणे म्हणाल्या, "रस्ता आधी झाडला नाही ह्यांनी."

सगळ्यांनी प्रमाण विचारलं, फक्त पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी विचारलं नाही. सेक्रेटरी हा मावशींचा जुना विरोधी पक्ष. "आवारात भटक्या प्राण्यांना खाद्य घालू नये" अशी सूचना ते दर पावसाळ्याआधी फलकावर लावतात. मावशी तिच्यातलं शुद्धलेखन लाल पेनाने सुधारतात आणि खाली लिहितात, "प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. वाचावा." ह्या पलीकडे दोघांत सहा वर्षांत संभाषण झालेलं नाही. एकदा फक्त जवळपास झालं होतं, तेही गजकर्णामुळे.

गजकर्ण हा 'त्या'च्या मानाने गरीब आजार, जीव घेत नाही. पण हा माणसांनाही होतो, आणि मावशींच्या मते हीच त्याची चांगली बाजू आहे, कारण मग माणसं हात धुतात. मला झाला होता. मनगटाच्या वर, रुपयाएवढं लाल कडं. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंग लावून विचारलं, "घरी मांजर आहे?" म्हटलं, "नाही. समोर मावशी आहेत." डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही, मलम लिहून दिलं. बहुधा त्यांच्याही समोर कोणीतरी होतं.

त्या वर्षी मावशींनी एक जांभळ्या प्रकाशाची बॅटरी आणली. अंधारात ती केसांवर मारली की काही जातींची बुरशी हिरवी चमकते. आम्हाला सगळ्यांना बोलावून, दिवे घालवून, भुताच्या गोष्टी सांगायला बसावं तसं गोल बसवलं. पिल्लांवर काहीच चमकलं नाही. पण बॅटरी सहज फिरली तेव्हा काकांच्या आरामखुर्चीची सबंध डावी बाजू उजळून निघाली. मांजराची लघवीही ह्या प्रकाशात चमकते. काका चार वर्षं त्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. ते उठले, दिवा लावला आणि म्हणाले, "तरी म्हणत होतो, वास कुठला."

गजकर्णावर उपाय म्हणून डॉक्टरांनी चुना-गंधकाच्या पाण्याने पिल्लं भिजवायला सांगितली. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पहिल्या आंघोळीला तो वास जिन्यातून खाली उतरला आणि सेक्रेटरींनी गॅस लीक झाला म्हणून चारही मजले रिकामे केले. बाहेर लोक मुलांना कडेवर घेऊन उभे, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत मावशी, अंगावर पिवळे थेंब उडालेला गाऊन, हातात ओलं पिल्लू. "कुठे चाललात सगळे?" असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरींनी वर बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

मावशींच्या संभाषणाचा मुख्य विषय मात्र शी. जेवताना, लग्नात, लेडीज डब्यातल्या चौथ्या सीटवर अर्धं टेकून, कुठेही. त्यांच्या कॅलेंडरच्या चौकोनात एकीकडे दुधाचा हिशोब असतो आणि दुसरीकडे, "गॅरेज ३१२ ग्रॅम. शी बरी. रिक्षा २९८, शी सैल, पिवळी." किचनचा वजनकाटा चिवड्याच्या पोह्यांसाठी आणला होता, त्यावर आता स्टीलचा डबा ठेवून त्यात पिल्लू बसवतात. लहान पिल्लाचं वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर मावशी गप्प, दोन दिवस वाढलं नाही तर काकांना नाश्ता नाही. डॉक्टरांना त्या रोज शीचे फोटो पाठवतात. एका रविवारी सकाळी असाच एक फोटो चुकून सोसायटीच्या ग्रुपवर गेला. त्याखाली "रंग बरोबर आहे का?" असा प्रश्न. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी उत्तर दिलं, "आमसूल जास्त झालंय का? रेसिपी पाठवा." अर्ध्या तासात सेक्रेटरींनी ग्रुपची व्यवस्थाच बदलली. तेव्हापासून त्यावर फक्त ॲडमिन लिहू शकतो, आणि ॲडमिन एकच आहे.

काका बँकेतले. "मला मांजरं आवडत नाहीत" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते म्हणताना त्यांच्या बंडीच्या खिशातून एक कान बाहेर आलेला असतो. पूर्वी व्याज काढायचे, आता किलोला किती मिली ते काढतात. दोन्ही वेळा कागदाच्या कोपऱ्यात, आणि दोन्ही वेळा एक पै चुकत नाही. मावशी स्वतः शाकाहारी, अंडंही खात नाहीत. पण सर्दीने नाक चोंदलेल्या पिल्लाला वास आला नाही तर ते खात नाही, म्हणून वासाची मासळी आणून ती कोमट करून पुढे ठेवतात. बाजारातली मासेवाली दर खेपेला आस्थेने विचारते, "बाय, कालवण कसा झाला?" मावशी सांगतात, "वाट्या चाटून पुसून खाल्लं सगळ्यांनी."

ह्या जुलैत तो आला.

मागच्या बिल्डिंगीत जिन्याखाली मीटरबॉक्सच्या मागे तीन पिल्लं भिजत पडली होती. दीड-दोन महिन्यांची. एका कॉलेजच्या मुलाने ती हेल्मेटमध्ये घालून आणली. मीटरबॉक्स एक, दोन आणि तीन. सहाशे दहा, सहाशे नव्वद, सातशे वीस ग्रॅम. खायला-प्यायला तयार, डोळे स्वच्छ, मावशींनी लसीचा दिवस ठरवला. लस ठरवलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, म्हणजे चौथ्या दिवशी, मीटरबॉक्स एक पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसला. प्यायचा नाही, उठायचा नाही, नुसता पाण्याकडे बघत बसलेला. मावशी दारात उभ्या होत्या, तिथेच थांबल्या. "वाटीशी बसला," म्हणाल्या. बस, एवढंच. त्या घरात ह्या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो. काका न बोलता ब्लीचचा कॅन काढायला गेले.

किटवर दोन रेघा आल्या. "दोन रेघा आल्या की पूर्वी घरात पेढे यायचे," काका म्हणाले. कोणी हसलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हजारोंनी असायच्या त्या जेमतेम आठशे निघाल्या. ह्या विषाणूवर थेट औषध नाही. पाणी कमी पडू द्यायचं नाही, उलटी थांबवायची, ऊब द्यायची, आणि रक्षण करायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून आतड्यातले जंतू रक्तात शिरतात त्यांच्यासाठी अँटिबायोटिक. बाकी पिल्लाने ठरवायचं. मला काका म्हणाले, "तू धरशील का जरा? माझा हात थरथरतो." म्हणून मी त्या बाथरूममध्ये आयुष्यात पहिल्यांदा गेलो, निळ्या स्लिपर घालून, काकांचा जुना शर्ट उलटा चढवून.

आरएल सलाईनची बाटली टॉवेलच्या दांडीला टांगलेली. ती आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून शरीराइतकी गरम केलेली. मावशी पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून उचलतात, तिचा छोटासा तंबू होतो, त्या तंबूच्या दारातून सुई आत. पिल्लू हललं तर सुई दुसरीकडून बाहेर येते आणि सलाईन माझ्या मनगटावर. नाही हललं तर पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, आणि बघता बघता तो घरंगळत पुढच्या पायाच्या बगलेत जाऊन बसतो. काही तासांत शरीर तो पिऊन टाकतं. न हलणं चांगलं असतं असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी कळलं की जे पिल्लू सुईला ओरडतं तेच चांगलं. थर्मामीटरचंही तसंच. एकशे चारचा ताप सत्त्याण्णववर आला तेव्हा मी "उतरला!" म्हणून खूश झालो आणि मावशी गरम पाण्याच्या बाटल्या भरायला उठल्या. हरत आलेलं पिल्लू थंड पडत जातं, हे मला माहीत नव्हतं.

मीटरबॉक्स एक त्या रात्री पावणेतीनला गेला. मावशींनी त्याला जुन्या पंच्यात गुंडाळलं, गाठ मारली, बाजूला ठेवलं. मग फरशी साबणाने घासली, पाणी ओतलं, ब्लीच ओतलं आणि दाराबाहेर बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. दहा मिनिटं. घड्याळाकडे बघत. मी पॅसेजमध्ये उभा. त्या रडल्या का ते मला सांगता येणार नाही, ब्लीचने तसंही डोळ्यांना पाणी येतं. दहा मिनिटं झाल्यावर उठल्या आणि म्हणाल्या, "चल, दोन नंबरची वेळ झाली."

दोन नंबर त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी गेला. तीन नंबरने मात्र सहाव्या दिवशी सकाळी सुई टोचल्यावर माझ्या अंगठ्याला असा कडकडून चावा घेतला की मी ओरडलो. मावशी आणि काका दोघेही आनंदाने माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. दुपारी त्याने उकडलेल्या कोंबडीचं पाणी चाटलं. संध्याकाळी शी केली. तिचा फोटो डॉक्टरांना गेला, त्यांच्या अमेरिकेतल्या मुलीला गेला आणि मलाही आला. मी तो अजून पुसलेला नाही.

आजाराच्या काळात मोठ्या सहांना काही झालं नाही, त्यांच्या लसी पूर्ण आहेत. त्यांच्यातला डोलकर तर बाथरूमच्या बंद दाराशी येऊन रोज बसायचा. डोलकरच्या आईला त्याच्या वेळी गाभण असतानाच 'तो' झाला होता. पोटातल्या पिल्लाच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग त्यामुळे पुरता वाढत नाही. डोलकर भर हॉलमध्ये होडीतल्यासारखा चालतो, वाटीपर्यंत पोचताना दोनदा चुकतो, एकदा पडतो, आणि बाकी त्याला काहीही झालेलं नाही. दुखत नाही, दोष वाढतही नाही. त्यालाही तात्पुरतंच ठेवलंय.

मीटरबॉक्स तीनचं बारसं मात्र लांबलं, कारण मावशी दुसऱ्याच गोष्टीत अडकल्या होत्या. घरात तो येऊन गेला, म्हणजे लस न झालेलं एकही पिल्लू आता ह्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. कितीही धुतलं तरी निदान काही महिने. त्यांनी कॅलेंडरवर पुढच्या वर्षापर्यंत बाण काढला. "नाही" म्हणण्याची सवय नसलेल्या बाईने नाही म्हणायला शिकायचं, तेही पावसाळ्यात, जेव्हा रोज कुठूनतरी फोन येतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी चार जणांना परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचा रस्ता समजावून सांगितला, लोकल, स्टेशन, कुठल्या बाजूला उतरायचं सगळं. फोन ठेवला की गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या.

श्रावणात एका रात्री दहाला बेल वाजली. तोच कॉलेजचा मुलगा. हातात बुटांचं खोकं. मावशींनी साखळी काढली नाही. "मागे हो. आणखी मागे. जिन्याच्या कठड्याला लाग." खोक्यातून बारीक, चिडका आवाज येत होता, तीनेक आठवड्यांचं पिल्लू असावं. बाहेर धो धो पाऊस. मी माझं दार उघडलं. मावशींनी माझ्याकडे आशेने बघितलं आणि लगेच मान हलवली. "तू नाही. तू माझ्या बाथरूममध्ये होतास, तेच पाय घेऊन तुझ्या घरात गेलास." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू? त्या परवा डबा परत द्यायला येऊन गेल्या. चौथा मजला? त्यांची मुलं डोलकरशी खेळायला येतात. मावशी फटीतून हवेत बघत एकेक मजला खोडत होत्या. मग थांबल्या.

"ह्या बिल्डिंगीत सहा वर्षांत माझ्या उंबऱ्याला पाय न लावलेला एकच माणूस आहे," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी हाफपँट आणि बनियनवर दारात आले. मुलगा खोकं घेऊन दोन पायऱ्या खाली उभा, आणि मावशी वरच्या जिन्याच्या वळणावरून, एक पायरी खाली न येता, कठड्यावरून वाकून बोलत होत्या.

"मला मांजरं आवडत नाहीत," सेक्रेटरी म्हणाले.

"माहितेय. म्हणून तर तुमचं घर स्वच्छ आहे."

"अहो पण मला त्यातलं काही..."

"आधी ऊब, मग दूध. गाईचं नाही, ह्या मुलाला दुकानात पाठवते मी, पिल्लांची पावडर आणेल. बाटलीत गरम पाणी भरा, तिच्यावर टॉवेल गुंडाळा. दर तीन तासांनी पाजायचं, पालथं धरून, बाळासारखं उताणं नाही. पाजल्यावर ओल्या कापसाने पुसायचं, त्याशिवाय ते लघवी करत नाही. माझ्या घरातली एकही वस्तू घेऊ नका. वजनकाटा आहे का?"

सेक्रेटरींच्या मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आहे, आहे!" त्या आवाजात सहा वर्षांचं काहीतरी साठलेलं होतं.

"तात्पुरतं आहे हो," मावशी म्हणाल्या. "आणि हात धुवा. कोपरापर्यंत!"

रात्रभर पाऊस होता. खालच्या मजल्यावर एकला, चारला आणि सातला दिवा लागलेला मला दिसला. सकाळी सव्वासातला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. पाण्याच्या टँकरबद्दल असेल म्हणून उघडला, तर एक फोटो, आणि त्याखाली, "रंग बरोबर आहे का?"

फक्त ॲडमिनच लिहू शकत असल्यामुळे मावशींना त्यावर उत्तर देता येईना. त्यांनी दार उघडलं, जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली ओरडल्या, "उत्तम आहे!"